दोन अक्षरं आणि कुकरची शिट्टी

सकाळी सहा वाजले की मिरकरवाडा बंदरातल्या सगळ्या बोटींच्या वायरलेसवर एकाच बाईचा आवाज यायचा.

"भावांनो, मी हेमांगी. दर्या शांत आहे. डबा विसरू नका."

बारा वर्षं हा आवाज रोज येत होता. ती बाई जाऊन आता अकरा महिने झाले होते.

बंदराच्या वरच्या अंगाला टेकाडावर विद्याधर पावसकरचं घर होतं. तो मागच्या पायरीवर चहाचा कप आणि जुना वायरलेस संच घेऊन बसलेला असे. आवाज ऐकून झाला की संच बंद करायचा आणि मग चहाचा पहिला घोट घ्यायचा, हा त्याचा नेम. हेमांगी त्याची बायको होती, सरकारी सागरी प्रयोगशाळेत कामाला.

आवाज तिचा असला तरी बोलायचे ते समुद्रात तरंगणारे बोये. पिवळ्या रंगाचे, हंड्याएवढे, तीनशे बारा बोये तिने किनाऱ्यापासून आत चाळीस मैलांपर्यंत सोडले होते. दक्षिणेला हजारो मैलांवर वादळ झालं की त्याची लाट काही दिवसांनी आपल्याकडे पोचते. इथे वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि खोल पाण्यात ती लाट कुणाला दिसतही नाही. पाणी हळूच वीतभर चढतं, वीसेक सेकंदांनी उतरतं, बस. तीच लाट बंदराच्या तोंडाशी उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि आत शिरणारी बोट उलटी करते. हेमांगीच्या बोयांना ते वीतभर चढणं कळायचं. ते एकमेकांशी बोलून खात्री करायचे आणि पाऊण तास आधी सांगायचे.

सांगायला तिने नऊ वाक्यं बोलून ठेवली होती. घरात गाद्या ठेवायच्या खोलीत बसून, कारण गाद्यांमुळे आवाज घुमत नाही. नववं वाक्य धोक्याचं होतं. "भावांनो, लांबून लाट येते आहे. जाळी सोडा, मागं फिरा." ते म्हणत असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती वाक्यात शिरली. पुन्हा बोलू म्हणता म्हणता ते तसंच बोयांच्या चिपमध्ये गेलं. तेव्हापासून बंदरावर त्या इशाऱ्याचं नाव शिट्टी पडलं. "शिट्टी झाली, फिरवा बोट," असं बोट चालवणारे तांडेल खलाशांना सांगत. बारा वर्षांत शिट्टी एकोणीस वेळा झाली होती आणि दर वेळी विद्याधर नकळत उठून गॅस बंद करायला गेला होता. हेमांगी हसायची. म्हणायची, "अरे, दर्यावर वाजतेय ती."

ही सगळी व्यवस्था आता महिन्या-दीड महिन्यात बंद पडणार होती, आणि चूक विद्याधरची होती.

इंटरनेटवर एका यंत्राला दुसरं यंत्र शोधायचं तर त्याच्या नावाने शोधावं लागतं. नावाचा शोध शेवटच्या टोकापासून सुरू होतो. डॉट कॉम, डॉट इन, अशी टोकं. ही टोकं कुणाच्या ताब्यात आहेत हे सांगणारी एक यादी सगळ्यांच्या वर असते. १९८५च्या सुमाराला त्या यादीत जेमतेम सात-आठ टोकं होती. मग देशांना दोन-दोन अक्षरं द्यायचं ठरलं. देश कोण आणि कोण नाही, या वादात यादीवाले पडले नाहीत. देशांच्या अक्षरांची दुसऱ्यांनी केलेली एक यादी होती, तीच त्यांनी घेतली. त्या यादीत नाव असेल तर अक्षरं मिळणार, तिथून नाव गेलं तर पाच वर्षांच्या मुदतीने अक्षरंही जाणार.

प्रशांत महासागरातल्या वेलोआ नावाच्या नऊ बेटांच्या देशाला डॉट व्हीएल हे टोक मिळालेलं होतं. त्याची यंत्रं रत्नागिरीतली एक कंपनी सांभाळायची आणि विद्याधर त्या कामाचा प्रमुख होता. समुद्रावर काम करणाऱ्यांना वेलोआ नावं फुकट द्यायचा. विद्याधरने त्यातलं एक नाव लग्नाच्या वाढदिवसाला हेमांगीला भेट दिलं. लोक साडी देतात, त्याने नाव दिलं.

बोये रोज पहाटे त्या नावाच्या घराशी, म्हणजे त्या नावाच्या पत्त्यावरच्या यंत्राशी, खूण पटवत. खूण पटली नाही तर गप्प बसत, म्हणजे भलत्याच कुणाला कोळ्यांच्या कानात खोटा इशारा घालता येऊ नये. चाचणीच्या वेळी कुणीतरी तसा चावटपणा केलाही होता. म्हणून हेमांगीने ते नाव चिपमध्ये कायमचं कोरायचं ठरवलं. कोरण्याआधी तिने विचारलं होतं, "हे नाव जाणार नाही ना रे कधी?"

"कंपनीचं जातं, माणसाचं जातं," विद्याधर म्हणाला होता. "देशाचं कुठे जातं? सोव्हिएत देश जाऊन चाळीस वर्षं झाली, त्याचं टोक अजून चालू आहे."

युगोस्लाव्हियाचं टोक काढून टाकलं होतं, हे त्याला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही, किंवा आठवून घेतलं नाही. सात वर्षांनी वेलोआचं शेवटचं बेट रिकामं झालं, देशांच्या यादीतून नाव गेलं आणि पाच वर्षांची मुदत सुरू झाली. ती आता संपत आली होती.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली त्याच आठवड्यात लेआ तामोए रत्नागिरीला आली. सत्तरीची, ठेंगणी, मूळ वेलोआची, त्या देशाच्या वतीने डॉट व्हीएलची प्रमुख. बेटं बुडायच्या आधी डॉट व्हीएलची तिजोरी तिनेच रत्नागिरीला आणून ठेवली होती. डॉट व्हीएलच्या नावाने कुठलीही सही करायची तर त्या तिजोरीतली संगणकाची किल्ली लागे, आणि ती किल्ली चालवायला सात कार्डधारकांपैकी पाच जण हजर लागत. सातातले दोघे वारले होते. उरलेल्या पाचांत एक लेआ आणि एक विद्याधर.

ती त्याच्याकडे जेवायला आली. कॉलरला भाषांतराचं बटण लावलेलं होतं. ती बोलली की बटणातून मराठी यायचं, आणि समोरचं मराठी तिला तिच्या भाषेत ऐकू यायचं.

"आपल्या गृही भोजन करण्याचा योग आल्याने मला परमसंतोष झाला आहे," बटण म्हणालं.

"याला जरा माणसासारखं बोलायला सांगा," विद्याधर म्हणाला.

लेआने बटण दोनदा दाबलं. "आता ठीक आहे?"

"आता ठीक. भात थोडा मऊ झालाय. मला हिच्यासारखा जमत नाही."

तिने दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "आम्हाला नवी जमीन मिळाली, डोंगराची आहे. देशाचं नाव नवं, देशांच्या यादीत लागलंसुद्धा. पाच वर्षांत तिथे दोनशे तेरा मुलं जन्मली. नवी अक्षरं जुनी सोडल्याशिवाय मिळत नाहीत. त्या मुलांचे दवाखान्याचे कागद, शाळेचे कागद, सगळे अजून बुडालेल्या देशाच्या नावावर निघतात."

विद्याधरने कपाटातून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. मुदतवाढीचा अर्ज होता. नियमाप्रमाणे आणखी पाच वर्षं मागता येत होती. कारण लिहिलं होतं, मच्छीमारांच्या जिवाला धोका. नवे बोये द्यायला सरकारी प्रयोगशाळेला दोन वर्षं लागणार होती.

"अक्षरं परत करायलाही पाच कार्डं लागतात. मी आलो नाही तर पाच जण होत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. हे कारण खरं आहे?"

"खरं आहे."

"सगळं?"

त्याने तिच्या पानात आमटी वाढली. "उद्या सकाळी सहाला या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती येऊन पायरीवर बसली. सहा वाजता हेमांगी बोलली. लेआचं बटण लगेच आपल्या घोगऱ्या आवाजात सुरू झालं, तसं तिने ते चटकन काढून मुठीत धरलं. शेवटचं वाक्य तिने न समजताच ऐकलं. खाली बोटी सुटत होत्या.

मग तिने बटण परत लावलं. "आमच्या देवळाची घंटा आम्ही आणली नाही. जड होती, बोटीत माणसं जास्त होती. मुलं म्हणतात, लाट आली की ती पाण्यात वाजते. मी त्यांना सांगते, वाजत नाही." खाली बोटींकडे बघत तिने विचारलं, "त्या बोटवाल्यांना तुम्ही विचारलंत का?"

"काय?"

"तुम्ही अर्जात त्यांचं नाव लिहिलं आहे. त्यांना विचारलंत का?"

त्याने विचारलं नव्हतं.

शौकत होडेकर हा बंदरातला जुना तांडेल, साठ बोटींच्या सोसायटीचा अध्यक्ष. बर्फाच्या कारखान्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो जाळं शिवत होता. विद्याधरने सगळं सांगितलं. शौकतची सुई थांबली.

"पाच वर्षं ठावकी होतं तुमाला?"

"हो."

"आणि आज सांगताव?"

"ती आजारी होती, शौकतभाई."

"मॅडम आजारी होत्या. आमी होतो काय?"

शौकतने दात लावून दोरा तोडला. "बोलायला नको व्हतं मी. बसा. किती बोये हायत?"

"तीनशे बारा."

"म्हंजे बोटीमागे पाच-सा. आमी रोज त्यांच्याच बाजूनी जातो. एकेक उचलून आणतो, तुमी हितं बसून त्याचा मेंदू बदला, दुसऱ्या दिवशी जाग्यावर सोडतो. त्याला दोन वर्षं कशाला लागतात?"

"सरकारी काम आहे. टेंडर निघणार, मग..."

"तेच सांगतोय. टेंडर नको काढूया."

विद्याधर हसला. किती दिवसांनी, ते त्याचं त्यालाच आठवेना.

प्रयोगशाळेने परवानगी दिली आणि कोऱ्या चिपाही दिल्या, तेवढ्या त्यांच्याकडे शिल्लक होत्या. बर्फाच्या कारखान्यातली एक खोली रिकामी केली. बोये यायचे, अंगावर शिंपले आणि शेवाळ घेऊन. खलाशी ते खरवडत, विद्याधर झाकण उघडून चिप बदलत असे. नवं नाव त्याने डॉट भारतखाली घेतलं होतं, देवनागरीत.

"आणि हा पण गेला तर?" शौकतने विचारलं.

"या वेळी कोरलेलं नाही. सोसायटी, प्रयोगशाळा आणि मी, तिघांकडे एकेक कार्ड. दोघं एकत्र आले की नाव बदलता येतं."

"म्हंजे तुमी एकटे काय ठरवू शकत नाय."

"नाही."

"बरं केलंत," शौकत म्हणाला.

आवाजाचा प्रश्न राहिला होता. बंदराला नवा बंधारा झाल्यापासून लाटेच्या वेळी कोणत्या बोटीने कुठल्या खाडीत शिरायचं, हेही बोयांनी सांगायला हवं होतं. ती वाक्यं हेमांगीने बोललेली नव्हती, आणि इशारा दोन आवाजांत दिला तर बोटींवर गोंधळ झाला असता. प्रयोगशाळेतून फोन आला. तिथल्या देवस्थळी नावाच्या अधिकारी बाई फार जपून बोलत होत्या.

"पावसकर सर, मॅडमची नऊ वाक्यं आहेत. तेवढ्यावरून यंत्र त्यांच्या आवाजात काहीही बोलू शकतं. फरक कळणारसुद्धा नाही. तुमची हरकत नसेल तर उद्या पाठवते."

विद्याधर फोन कानाला लावून खिडकीशी उभा राहिला. तिच्या आवाजात काहीही. वाक्य काय, तिला दिवसभर घरात बोलतं ठेवायचं म्हटलं तरी होईल. चहा झाला का, गोळी घेतलीस का. त्याला ते हवं होतं.

"नको," तो म्हणाला.

"सर, विचार करून सांगितलंत तरी..."

"केला विचार. ती जे बोलली ते बोलली. जे बोलली नाही ते तिच्या तोंडी घालायला नको. तिला विचारता येत नाही ना आता."

संध्याकाळी त्याने शौकतला हे सांगितलं. शौकतने मान डोलावली. "मग बोलणार कोण? तुमीच बोला."

"माझा आवाज कोण ऐकणार?"

"आमी आवाजाचं ऐकत व्हतो असं वाटतं तुमाला? आमी शिट्टीचं ऐकतो. इंजिनच्या धडधडीत बाईमाणसाचं बोलणं कुणाला उमगतं? शिट्टी उमगते. शिट्टी पायजेलच. तेवढी घाला म्हंजे झालं."

रविवारी विद्याधर गाद्यांच्या खोलीत जाऊन बसला. शौकत स्वयंपाकघरात गॅसपाशी स्टूल घेऊन बसला. कुकर तोच होता, हेमांगीचा, एका बाजूला पोचा आलेला. शिट्टी नेमकी "मागं फिरा"वर यायला हवी होती.

पहिल्यांदा शिट्टी आधीच झाली. दुसऱ्यांदा झालीच नाही.

"शिटी बसलीय खाली, साफ करू का?" शौकत आतून ओरडला, आणि तेही रेकॉर्ड झालं.

तिसऱ्यांदा विद्याधरचाच आवाज "भावांनो"वर अडकला. हा शब्द त्याने कधी तोंडातून काढलेला नव्हता. तो कुणालाच असं हाक मारणारा माणूस नव्हता. ते काम हेमांगीचं. ती बंदरावर गेली की पन्नास माणसांशी बोलून यायची आणि तो पिशवी धरून उभा असायचा.

शौकत दारात आला. "काय झालं, भाऊ?"

"काही नाही."

"मॅडम कशा म्हणायच्या, तसं म्हणू नका. तुमी तुमच्यासारखं म्हणा."

चौथ्यांदा जमलं. शिट्टी जागेवर झाली. कुकर उघडला तर भाताची पेज झाली होती. दोघांनी तीच मीठ घालून वाटीवाटीने प्यायली. इतर वाक्यं मग पटापट झाली. "डबा विसरू नका" हे त्याने कुणी न सांगताच ठेवलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी तिजोरीच्या खोलीत पाच जण जमले. या कामाची एक रीत असते. खोलीला एकामागे एक तीन दारं. आत गेलं की काम संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, पाण्याचा ग्लासही आत न्यायचा नाही. एक जण कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा ती करतो, तिसरा घड्याळातली वेळ मोठ्याने सांगून कागदावर सही करतो. कॅमेरा हे सगळं टिपत असतो. एकट्या माणसावर कुणी विश्वास ठेवायचा नाही, यासाठी ही रीत. विद्याधरने ती वीस वर्षं पाळली होती आणि तिचा अर्थ त्याला बर्फाच्या कारखान्यात कळला होता.

"पायरी सव्वीस," लेआने वाचलं. बटण तिच्या मागोमाग बोलत होतं. "चौथ्या क्रमांकाचं कार्ड यंत्रात घालावं. वेलोआची अक्षरं परत करण्यास संमती द्यावी."

मुदतवाढीचा अर्ज विद्याधरच्या खिशात होता. का आणला, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने कार्ड घातलं. पडद्यावर खात्री विचारणारी ओळ आली. घड्याळवाला त्याच्याकडे बघत थांबला. लेआ कागदाकडेच बघत राहिली, वर पाहिलं नाही.

त्याने संमतीचं बटण दाबलं.

"अकरा वाजून बावन्न मिनिटं," घड्याळवाला म्हणाला.

पुढच्या पायऱ्यांत किल्लीची चिप यंत्रात भरडली गेली. लेआने तुकडे पाकिटात भरून लाख लावली तेव्हा विद्याधरने पाकिटाचं दुसरं टोक धरलं. बाहेर आल्यावर ती बटण काढून तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि त्याचा दंड घट्ट धरून उभी राहिली. तासाभरात वरच्या यादीतून डॉट व्हीएल गेलं.

पण यादीतून नाव गेलं म्हणजे ते लगेच विसरलं जातं असं नाही. प्रत्येक वेळी वरच्या यादीला विचारत बसायला नको म्हणून जगभरची यंत्रं मिळालेलं उत्तर दोन दिवस लक्षात ठेवतात. वेलोआ नाही, हे त्यांना दोन दिवसांनी कळणार होतं. तोवर ती जुन्याच पत्त्यावर येणार. विद्याधरने म्हणून त्या पत्त्यावरची यंत्रं चालू ठेवली.

आणि शौकतने एक बोया मुद्दाम न बदलता ठेवला होता. पहिल्या क्रमांकाचा, भगवती किल्ल्याच्या दीपगृहासमोरचा.

बुधवारी सहाला आधी विद्याधरचा आवाज आला, मग मागोमाग तिचा. गुरुवारीही आला. "भावांनो, मी हेमांगी. दर्या शांत आहे. डबा विसरू नका." त्या दिवशी बोटी सहाला सुटल्या नाहीत. इंजिनं बंद ठेवून सगळे धक्क्यावर उभे होते. तिचं बोलणं झाल्यावर शौकतने पहिलं इंजिन चालू केलं.

शुक्रवारी पहाटे पहिल्या बोयाने नाव विचारलं आणि घर सापडलं नाही. तिने सांगितलं होतं तसा तो गप्प बसला. विद्याधरने संच बंद केला. चहा गार झाला होता, तो त्याने तसाच प्यायला.

ऑक्टोबरात लेआचा निरोप आला. नवी अक्षरं यादीत लागली होती. त्या टोकाखालचं पहिलं नाव कुणाला दिलं, तेही तिने कळवलं होतं. ते तिथल्या सुईणीच्या दवाखान्याला दिलं होतं.

मे महिन्यात, बंदी लागायच्या आधीच्या आठवड्यात, विद्याधर दुपारचा पेपर वाचत आरामखुर्चीत बसला होता. बाहेर पान हलत नव्हतं. आभाळ निळं होतं. कोपऱ्यात आता दिवसभर चालू असलेला संच खरखरला आणि त्याचाच आवाज आला.

"भावांनो, लांबून लाट येते आहे. जाळी सोडा, मागं फिरा." आणि शिट्टी.

पेपर बाजूला टाकून तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि हात गॅसच्या बटणापर्यंत नेला. गॅस बंदच होता. कुकर घासून फळीवर पालथा घातलेला होता.

त्याने हात मागे घेतला. मग कुणी हसल्यासारखं वाटून नव्हे, तर आता कुणी हसणार नाही हे कळूनच, तो स्वतःच हसला. "दर्यावर वाजतेय ती," मोठ्याने म्हणाला.

खिडकीतून सगळा दर्या दिसत होता. क्षितिजाकडच्या बोटी एकेक करून तोंड फिरवत होत्या. शेवटची खाडीत शिरेपर्यंत तो तिथून हलला नाही.